घाटमाथ्यावरचं परराष्ट्र

कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणाऱ्या लोहमार्गाला रेल्वेचे लोक आजही ‘ब्रागांझा घाट’ म्हणतात. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. ते घराणं १९१० साली लिस्बनच्या गादीवरून गेलं, पोर्तुगीज १९६१ साली गोव्यातून गेले. दूधसागराच्या अंगावरून जाणाऱ्या रुळांना चिकटलेलं नाव मात्र कुणी काढलं नाही. घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मालाने भरलेली गाडी कुळ्याहून वर यायची तर तिला जादा इंजिनं जोडावी लागतात. त्यांना म्हणायचं बँकर. कुळ्याला बँकर लागण्याची वाट बघत प्रवासी गाडीही उभी राहते, प्रवासी खाली उतरून चहा घेतात, आणि गाडी इथे इतका वेळ का थांबते म्हणून कुरकुर करतात. त्यांच्या आजोबांच्या वेळी गाडी इथे याहून जास्त थांबायची, कारण कुळ्याला पोर्तुगालची कस्टम चौकी होती आणि वर कॅसलरॉकला हिंदुस्थानची.

बेळगावातून शनिवारी दुपारी निघून चोर्ला घाट उतरायचा, रात्रीचं मासळीचं जेवण पणजीत घ्यायचं आणि रविवारी परत, हा आज बेळगावकरांच्या हातचा मळ आहे. पण १५ ऑगस्ट १९४७ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, चौदा वर्षं आणि चार महिने, या घाटांच्या तोंडाशी भारत संपत होता. समोर होता पोर्तुगाल: ‘नाटो’चा संस्थापक सदस्य, सालाझारच्या हुकूमशाहीखालचा, ब्रिटनचा सहाशे वर्षांचा दोस्त. पाकिस्तान आणि चीनच्या सीमांवर पुस्तकांच्या राशी आहेत. बेळगावच्या या सीमेची आठवण मुक्तिदिनापुरती निघते, आणि तीही पणजीहून. घाटमाथ्यावरून पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. माझं म्हणणं एवढंच आहे की गोवा परका आहे हे घाटमाथ्याला पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांत पटवलं नव्हतं; ते पटवलं आपल्याच सरकारच्या नाकेबंदीने, शेवटच्या सात वर्षांत.

परकेपण आधी नव्हतं असं नाही, पण ते सरकारांचं होतं. सावंतवाडीत १८४४ साली बंड झालं तेव्हा बंडवाले गोव्यात जाऊन बसले आणि ब्रिटिश अधिकारी पोर्तुगीजांवर डोळे वटारत राहिले. सत्तरी महालातल्या राणे मंडळींनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं की तेही घाटाचाच आसरा घ्यायचे. राजकीय आश्रय हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण दोन्ही बाजूंचे लोक तो आश्रय बेधडक घेत होते. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये तह झाला. त्यातून मुरगावचं बंदर आणि घाट चढणारी ही मीटरगेज रेल्वे आली, आणि बारा वर्षांसाठी दोन्ही प्रदेशांची जकात एक झाली. त्या बदल्यात गोव्यातल्या मिठागरांवर आणि अबकारीवर ब्रिटिशांचा ताबा, आणि पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. गोव्याचं मीठ वर्षानुवर्षं बैलांच्या पाठीवरून घाट चढत आलेलं. ते आता साहेबाच्या परवान्याखाली गेलं. १८९२ मध्ये तह संपला, जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि लोक पुन्हा जाऊ-येऊ लागले. पेडण्याची सोयरीक चंदगडात, म्हापशाचं कुळदैवत सांगणारं कुटुंब शहापुरात, गोव्यातली मुलं बेळगावच्या १८५६ पासूनच्या सेंट पॉल शाळेत. असा तो शेजार होता.

*

गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याची सुरुवात मडगावला झाली असं शाळेत शिकवतात, आणि ते खरंच आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी भर पावसात मडगावच्या मैदानात बंदी मोडली. पण पुढच्या दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, या लढ्याची पहिली मोठी संघटना, नॅशनल काँग्रेस (गोवा), स्थापन झाली ती लोंढ्याला. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, रेल्वेच्या जंक्शनवर.

लोंढाच का, याचं उत्तर नकाशात आहे. मुरगावहून येणारी गाडी इथे पुण्या-मुंबईच्या आणि हुबळीच्या गाडीला मिळते. पोर्तुगीज पोलिसांचा हात कुळ्यापर्यंतच पोचायचा. आणि मुंबई प्रांतात त्या वर्षी बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलेलं होतं, म्हणजे इकडचे पोलिसही फार पाठीमागे लागणारे नव्हते. ब्रिटिशांचं राज्य अजून गेलेलं नसताना ब्रिटिश हद्दीत बसून पोर्तुगीजांविरुद्ध संघटना काढायची, ही घाटाखालच्या माणसांनी केलेली हुशारीच म्हटली पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटी लोहिया पुन्हा गोव्यात शिरायला निघाले तर त्यांना कुळे स्टेशनवरच उतरवून घेतलं आणि आग्वादच्या किल्ल्यात टाकलं.

पुढची पंधरा वर्षं बेळगाव हे गोवेकर राजकारण्यांचं बिऱ्हाड होतं. गांधीवादी इथे होते, समाजवादी होते, आणि आझाद गोमंतक दलासारखे बंदूक हाती घेणारेही येऊन जात. एकाच गल्लीत राहून एकमेकांशी न बोलण्याइतके त्यांचे मतभेद होते. त्यांच्या बातम्या छापायला बाबूराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’ होता, १९१९ पासून चालत आलेला. सीमेपलीकडे सालाझारची सेन्सॉरशिप, लग्नपत्रिकासुद्धा तपासून छापायची असा जाच. आणि अलीकडे मराठी पत्र.

*

दिल्लीचा मार्ग वेगळा होता. नेहरूंच्या सरकारने आधी रीतसर लिस्बनमध्ये वकिलात उघडली. २७ फेब्रुवारी १९५० रोजी गोव्याविषयी बोलणी करू या असं लेखी कळवलं. पोर्तुगालने जूनमध्ये उत्तर दिलं की या विषयावर बोलण्यासारखं काहीच नाही. पुढच्याच वर्षी लिस्बनने आपली घटना दुरुस्त केली आणि ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला. गोवा आता पोर्तुगालचा ‘सागरापारचा प्रांत’ झाला. एका घटनादुरुस्तीने साम्राज्य संपलं आणि एकही सैनिक हलला नाही, असा तो कारभार. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनची वकिलात बंद केली.

याच काळात फ्रान्सशी बोलणी चालू होती आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी पुदुच्चेरी एकही गोळी न झाडता भारताच्या ताब्यात आलं. नेहरूंचा धीर तिथे फळाला आला, म्हणून इथेही येईल असं दिल्लीला वाटत राहिलं. फ्रान्सला इंडोचायनात मार बसला होता आणि फ्रान्सच्या लोकांना मतं होती. सालाझारला मतांची गरज नव्हती. हा फरक दिल्लीच्या कचेऱ्यांत कळायला उशीर लागला, असं आज मागे वळून म्हणणं सोपं आहे. पण तेव्हाही अनेकांनी म्हटलं होतं, आणि त्यात बेळगाव-कोल्हापूरकडचे बरेच होते.

या सगळ्यात एका बदलाकडे इतिहासकारांचं फारसं लक्ष जात नाही. १९५० मध्ये व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन भारतातल्या धर्मप्रांतांवरचे पोर्तुगालचे जुने हक्क, ज्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत, संपले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यासाठी गोव्याच्या आर्चबिशपांचा आणि पुण्याच्या बिशपांचा काही मुलूख तोडून घेतला. म्हणजे घाटावरच्या ख्रिस्ती माणसाचा गोव्याच्या गादीशी असलेला शतकांचा संबंध रोमने कागदावर संपवला, फौज जायच्या आठ वर्षं आधी. देशाची सीमा आणि चर्चची सीमा जुळवून घेण्याचं काम व्हॅटिकनने दिल्लीच्या आधी उरकलं होतं.

*

१९५४ चा उन्हाळा आणि पावसाळा निर्णायक ठरला. जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत सिल्वासा स्वयंसेवकांनी घेतलं. पुण्यात जयंतराव टिळक, केशवराव जेधे वगैरे मंडळींची गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ, हिंदुसभा, शेतकरी कामगार पक्ष असे एरवी एकमेकांच्या सभा उधळणारे पक्ष एका मांडवाखाली आले. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी गोव्यात शिरली. पुण्याहून निघालेल्या तुकड्या कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर या वाटेने खाली यायच्या. मधू लिमये जुलैत गेले आणि बेशुद्ध होईपर्यंत मार खाल्ला. जगन्नाथराव जोशी, शिरूभाऊ लिमये, बंगालचे त्रिदिब चौधरी हे सगळे आग्वादला जमले. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली.

मारणाऱ्यांत ‘एजंट मोंतेरो’ या नावाची दहशत होती. हा काझिमिरो मोंतेरो मूळचा गोव्याचाच. सत्याग्रहींच्या आठवणींत त्याचं नाव पुनःपुन्हा येतं. पुढे १९६५ मध्ये पोर्तुगालच्या विरोधी पक्षाचे नेते जनरल हुंबेर्तो देल्गादो यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, तो करणारा हाच. गोव्यात हात साफ केलेल्या माणसाने शेवटी पोर्तुगीजांवरच हात चालवला.

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही एकदम सीमेवर गेले. बांद्याजवळ पत्रादेवीला, रेल्वेच्या बोगद्यांपाशी आणि इतरत्र पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं मेली. त्यांत पंजाबचा कर्नैलसिंग होता. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय हाती झेंडा घेऊन पुढे गेल्या आणि गोळी लागून जखमी झाल्या. मुंबईत दुसऱ्या दिवशी कडकडीत हरताळ आणि दगडफेक झाली. आणि मग सप्टेंबरमध्ये नेहरूंनी सत्याग्रह बंद करायला सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ते सुसंगत होतं: जगाला शांततेचे पाठ देणाऱ्या देशाने शेजारच्या सीमेवर जमाव पाठवायचे आणि त्यामागे फौजही पाठवायची नाही, हे चालणार नाही. पण घाटावर त्याचा अर्थ असा लावला गेला की पोर्तुगीजांच्या गोळीपुढे आपली माणसं एकटी सोडली. आता सत्याग्रहींना अडवायला भारताचेच पोलीस उभे होते.

पुढचा घटनाक्रम तारखांनी वाचावा. १५ ऑगस्टला गोळीबार. सप्टेंबरात सत्याग्रहाला मनाई. १० ऑक्टोबरला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात बेळगाव कर्नाटकाकडे, फक्त चंदगड मुंबई राज्याकडे. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती. गोव्यासाठी एकत्र आलेले पक्ष, तेच कार्यकर्ते, तेच कलापथकांचे ट्रक, आणि दिल्लीवरचा तोच राग. संयुक्त महाराष्ट्राच्या समितीची रंगीत तालीम गोव्याच्या समितीत झाली होती, असं माझं स्पष्ट मत आहे. नानासाहेब गोरे फेब्रुवारी १९५७ मध्ये पोर्तुगीजांच्या कैदेतून सुटले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत पुण्याहून लोकसभेवर गेले. परराष्ट्र धोरणात नेहरूंनी घेतलेल्या सावध पवित्र्याची किंमत काँग्रेसने महाराष्ट्रात अशी मोजली.

*

आता नाकेबंदी. सत्याग्रह थांबवायचा आणि फौजही पाठवायची नाही, तर उरतं ते दाणापाणी तोडणं. १९५४ पासून माल अडवायला सुरुवात झाली होती. १९५५ मध्ये कॅसलरॉक-कुळे रेल्वे बंद पडली. परवान्याशिवाय जाणं-येणं संपलं. मुंबईतल्या गोवेकरांच्या मनिऑर्डरींवर निर्बंध आले. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात ऑगस्टमध्ये बंद करायला लावली, १ सप्टेंबरला पणजीतली आपली कौन्सुलात उठली. त्यानंतर गोव्यातल्या भारतीयांची चौकशी करायची जबाबदारी इजिप्तकडे आणि दिल्लीतल्या पोर्तुगीज हितसंबंधांची ब्राझीलकडे. आग्वादमध्ये पडलेल्या पोराची खबर आणायची तर बेळगावच्या बापाने अर्ज करायचा दिल्लीला, दिल्लीने सांगायचं कैरोला, कैरोच्या माणसाने विचारायचं पणजीत. मधलं अंतर मोटारीने चार तासांचं.

नाकेबंदीने सालाझार नमला का? उलट झालं. त्याच वर्षांत गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला धो धो जाऊ लागलं. त्या पैशावर गोव्यात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट, पाकिस्तानचा तांदूळ आला. दाबोळीला विमानतळ झाला, पोर्तुगीजांनी ‘ताइप’ नावाची विमान कंपनी काढली आणि तिची विमानं कराचीला जाऊ लागली. शेजाऱ्याला कोंडलं की तो आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याच्या दारी जातो, हे परराष्ट्र व्यवहारातलं अगदी बाळबोध गणित. ते इथे भाजीच्या टोपलीत दिसलं. खाणमालक श्रीमंत झाले. हाल झाले ते वर भाजी, दूध, तांदूळ विकून संसार करणाऱ्या खानापूर-बेळगावच्या शेतकऱ्याचे आणि खाली ते विकत घेणाऱ्या गरिबाचे. मधल्यामध्ये चोरट्या वाटा चालू झाल्या. परदेशी घड्याळं, सोनं, नायलॉनचं कापड, दारू हे सगळं रानातून डोक्यावरून वर यायचं. त्या काळात ‘गोव्याचा माल’ म्हटलं की बेळगावच्या बाजारात भाव वेगळा. सरकारने एक सीमा तयार केली आणि तिच्यावर पोट भरणारा एक वर्गही तयार केला. सीमा गेली तेव्हा त्या वर्गाला वाईट वाटलं असणार.

नाकेबंदीच्या काळातली एक गोष्ट मात्र कौतुकाने सांगावी अशी. २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या जंगलातून एक नभोवाणी केंद्र बोलू लागलं. कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. नाव ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. ट्रान्समीटर दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांकडूनच हाती लागलेला. पुढे ते कॅसलरॉकला हललं. पावसात आंबोली कशी असते ते सांगायला नको. भिंतीला हात लावला तर पाणी, अंथरुणात जळू. अशात सहा वर्षं, लोकवस्तीपासून दूर, लिस्बनच्या वर्तमानपत्रांतलं खोटं दुसऱ्या दिवशी खोडून काढायचं. पोर्तुगीज भाषेतलं प्रक्षेपण पोर्तुगीज सैनिकांसाठीही होतं: तुमचं सरकार तुम्हाला काय सांगत नाही, ते ऐका. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली. भारतीय परराष्ट्र खात्याने गोव्यासाठी केलेल्या प्रचारात इतकं कमी खर्चाचं आणि इतकं टिकाऊ दुसरं काही नसेल, आणि ते परराष्ट्र खात्याचं नव्हतंच.

*

या सगळ्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एक खटला चालू होता आणि त्याचा मराठी वाचकाशी थेट संबंध आहे. दादरा-नगर हवेलीत जायला भारत वाट देत नाही, म्हणून पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला दावा लावला. त्याचा आधार काय? पेशव्यांनी १७७९ च्या पुण्याच्या तहात आणि १७८३ व १७८५ च्या सनदांत पोर्तुगीजांना दिलेली बारा हजार रुपये वसुलाची गावं. प्रश्न असा आला की मराठ्यांनी गावांचं राज्य दिलं की फक्त वसूल. युरोपातले नामांकित वकील आणि निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ यांचा कीस पाडत बसले. सरंजाम म्हणजे काय हे निपाणीच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने अप्पा देसाई निपाणकरांचा इतिहास सांगून एका चहात समजावून दिलं असतं: वसूल खायचा, चाकरी करायची, आणि मालक पेशवा.

न्यायालयाचा निष्कर्ष त्याहून फार वेगळा नव्हता. मराठ्यांनी दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे. पुढे ब्रिटिशांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता वहिवाटीने मान्य होत गेली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यासाठी वाटेचा हक्क होता असं म्हटलं, सशस्त्र फौज आणि दारूगोळा यांच्यासाठी नाही. आणि वाट अडवताना भारताने आपल्या जबाबदारीत कसूर केलेली नाही. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. खटला साडेचार वर्षांच्या आत संपला. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. बेळगाव-निपाणीकर तेव्हापासून तारखा मोजतायत. आंतरराष्ट्रीय न्याय संथ असतो असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

*

१९६१ च्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बेळगावात लष्कराच्या गाड्यांची रीघ लागली. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन इथे गोळा होत होती. बेळगाव मुळातच छावणीचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथलं. त्यामुळे खाकी कपड्यांचं कुणाला अप्रूप नव्हतं, पण एवढ्या तोफा आणि एवढे पूल बांधायचे सांगाडे कुणी पाहिले नव्हते. सांबऱ्याच्या धावपट्टीवर हंटर विमानं उतरली. दिल्लीत ऑक्टोबरमध्ये पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला होता आणि आफ्रिकेतले नेते नेहरूंना तोंडावर विचारून गेले होते की तुम्ही थांबलात म्हणून आम्हीही थांबायचं का. अंगोलात त्या वर्षी रक्ताचे पाट वाहत होते. नोव्हेंबरच्या शेवटी अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. घाटावर अनेक वर्षं जे म्हणत होते ते दिल्लीला अखेर आफ्रिकेने पटवलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

१८ डिसेंबरच्या पहाटे फौज शिरली. सांबऱ्याहून उडालेल्या हंटरांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं आणि गोव्याचा लिस्बनशी संबंध तुटला. ६३ वी ब्रिगेड अनमोडमार्गे मोल्याला उतरली. ब्रिगेडियर सगतसिंगांची ५० वी पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून. तिच्यातली २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे. पोर्तुगीज पूल उडवत मागे सरकत होते, त्यामुळे खरी लढाई नद्यांशीच झाली. सालाझारने तार केली होती की शरणागती नाही, विजयी सैनिक किंवा मेलेले सैनिक, एवढंच. गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांनी ती मानली नाही आणि १९ च्या संध्याकाळी शरणागती दिली. त्यांनी गोव्याची शहरं वाचवली. पोर्तुगालने त्याबद्दल त्यांना लष्करातून बडतर्फ केलं आणि लोकशाही आल्यावर सन्मानाने परत घेतलं. गोव्याने रणगाडाविरोधी दारूगोळा मागवताना ‘सॉसेज’ हा सांकेतिक शब्द वापरला आणि लिस्बनने खरोखरची सॉसेज पाठवली, असं सांगतात. खरं असो वा नसो, त्या सरकारचं वर्णन म्हणून किस्सा चोख आहे.

भारताचे २२ जवान पडले. सरदेसाई आणि लिबियाबाई विमानात बसून गोव्यावरून ध्वनिवर्धकातून विजयाची बातमी सांगत फिरले. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत भारताने फौज मागे घ्यावी असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्ससह सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि सोव्हिएत रशियाचा नकाराधिकार. सहा वर्षांपूर्वी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस गोव्याला पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणाले होते आणि क्रुश्चेव्ह भारतात येऊन गोवा भारताचा म्हणून गेले होते. पुढची तीस वर्षं भारताचं मन रशियाकडे का झुकलं याची कारणं दिल्लीतले अभ्यासक शोधतात. एक कारण चोर्ल्याच्या पायथ्याशीही सापडेल.

पोर्तुगालने गोवा गेल्याचं मान्य केलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबरच्या तहाने. बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेलेले सांगलीचे मोहन रानडे तोवर लिस्बनजवळच्या तुरुंगात राहून आले होते. गोवा सुटला १९६१ ला, रानडे सुटले जानेवारी १९६९ ला. शत्रूशी संबंध तोडणं सोपं असतं. आपला माणूस त्याच्या हातात असला की ते महाग पडतं.

*

फौज गेली तसा गोवा परदेश राहिला नाही, शेजारी मात्र राहिला. तो महाराष्ट्रात यावा असं बेळगावच्या मराठी माणसाला वाटत होतं. म्हैसूर राज्याचाही त्याच्यावर डोळा होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने वेगळं राहायचं ठरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला: निपाणी, खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव कर्नाटकाला. गोव्याला विचारलं, बेळगावला विचारलं नाही, ही खंत इथे अजून बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. अहवालाची अंमलबजावणी झालीच नाही, त्यामुळे निपाणीही आहे तिथेच राहिली.

आज गोव्याच्या ताटातली भाजी बेळगावची. भाजीचे ट्रक एक दिवस घाटात अडकले की म्हापशाच्या बाजारात टोमॅटोचा भाव चढतो. भांडणही आता पाण्यावर आहे. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि खाली मांडवी होते. तिचं पाणी कळसा नाल्यातून मलप्रभेत वळवायचं काम कणकुंबीला, चोर्ल्याच्या तोंडाशी. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं; तिघेही नाखूश, तिघेही सर्वोच्च न्यायालयात. सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याची इथे पंचाईत होते. भाषेने तो गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या जवळचा, विहिरीने मलप्रभेचा.

आणि परवान्यांचं म्हणाल तर १९ डिसेंबर २०२२ हा दिवस घ्या. गोव्यात मुक्तिदिनाची सुट्टी होती. बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, आणि त्यासाठी निघालेल्या कोल्हापूरच्या पुढाऱ्यांना निपाणीच्या अलीकडे कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी अडवून परत पाठवलं. कोरोनाच्या काळात याच नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागत होते. दोन राज्यांत काही ठिणगी पडली की दोन्हीकडच्या एसट्या बंद होतात. मग निपाणीचा माणूस फार वेळ घालवत नाही. मिळेल त्या वाहनाने तो कोगनोळी ओलांडतो आणि कागलला वडाप पकडून कोल्हापुराला जातो. दवाखाना असो, कोर्ट असो की लेकीचं सासर, संध्याकाळच्या आत परत यायचं असतं.